ऑर्विलचं बुटकं काडतूस

एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली नॉर्लीन स्टब्ज म्हणजे शिस्तीचा कळस. आयडाहोच्या त्या डोंगराळ गावात घरीच काडतुसं भरणारे पुष्कळ, पण तिच्यासारखं कोणी नाही. तळघरात मुरंब्याच्या बरण्यांशेजारी तिचं टेबल. दारू भरताना फोन वाजला, तर बाई सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात करायची. प्रत्येक काडतूस कॅलिपरने मोजायची ते वेगळंच. शेजारचा सुतार ऑर्विल हॅस्किन म्हणायचा, ही ताटातल्या वाटाण्यांनाही माप लावेल. हा बाबा अकरा वर्षं गावातल्या नेमबाजी क्लबचा कप बळकावून बसलेला आणि नॉर्लीन दर वर्षी दुसरी! जळफळाट होणार नाही तर काय?

यंदा मात्र दोघं बरोबरीत आले. शेवटचा डाव, समोर सहा-सहा लोखंडी थाळ्या, ज्याच्या आधी पडतील त्याचा कप. नॉर्लीनचे हात नुसते शिवशिवत होते.

पण वारा कुठला ऐकतोय! पंचाने 'भरा' म्हणावं, दोघांनी पिस्तुलात काडतूस चढवावं, की धुळीचा लोट आलाच, करा रिकामं. असं चारदा झालं. बाहेर काढलेलं तेच काडतूस दर वेळी पुन्हा मॅगझीनमध्ये सगळ्यात वर जायचं. पाचव्यांदा ते दाबताना नॉर्लीनच्या अंगठ्याला काहीतरी खटकलं. तिने ते दुसऱ्या काडतुसाशेजारी धरलं, तर चक्क बुटकं! आत चढताना दर वेळी नाक आपटून गोळी पुंगळीत मागे सरकली होती. असं काडतूस उडवलं की आत दारूला जागा कमी पडते, दाब भलताच वाढतो आणि पिस्तूल हातातच फुटू शकतं.

तिने ते खिशात टाकून नवं घेतलं. तेवढ्यात पंच 'भरा' म्हणाला आणि ऑर्विलने आपलं तेच जुनं चढवलं.

नियम सगळ्यांना पाठ होता. डाव कोणीही थांबवावा, पण उगाच थांबवला तर तो समोरच्याचा. ऑर्विलचं काडतूस धडधाकट निघालं तर कप गेला, वर हसं झालं. तिने आपलं चढवलंच नाही, हात वर केला.

"थांबवा. ऑर्विलचं काडतूस मोजा."

ऑर्विल भडकला. "हरायला आलीस म्हणून रडीचा डाव खेळतेस होय?"

पंचाने पिस्तूल रिकामं करवून कॅलिपर लावला. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि आकडा ऑर्विललाच दाखवला. नॉर्लीनच्या काडतुसाच्या तिप्पट मागे सरकली होती त्यातली गोळी. गुरुवारपासून घरी सरावात हाच पठ्ठ्या तेच एक काडतूस आतबाहेर करत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

नव्या काडतुसांनी डाव पुन्हा लागला. आणि काय डाव झाला म्हणून सांगू! धडाधड थाळ्या पडत गेल्या, पाचावर पाच. सहावीला दोघांचा बार एकदम निघाला. ऑर्विलची थाळी पडली. नॉर्लीनची डुलली, थांबली, मग पडली.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खोटं कशाला बोलायचं. ऑर्विलने कप उजव्या हाताने उचलला. तिने त्या हाताची बोटं मोजली, पाचही जागच्या जागी होती.

मग तो कप बाकावर ठेवून तिच्याजवळ आला. "उद्या तुझ्या तळघरात येऊ का? मोजायला शिकव."

"ये," ती नाक पुसत म्हणाली. "पण फोन घरी ठेवून ये."