रविवारचा शटडाउन

काका घरात आले की आधी आईला "जयभीम, वहिनी" म्हणायचे, मग माझ्या कॉम्प्युटरच्या मागे वाकून आपला लाल पुठ्ठ्याचा टॅग जागेवर आहे ना, ते बघायचे. असला की चेहरा खुलायचा. "आज शटडाउन आहे, बेटा. दोन-तीन घंटे मशीन माझी."

भिलाईबाहेरच्यांना या टॅगची गंमत वाटेल. आमच्याकडे ती गंमत नाही. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतली की स्विचवर टॅग टांगतात, आणि ज्याने टांगला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने काढून वीज सुरू केली, तर आत हात घातलेला माणूस जिवानिशी जातो. माझे बाबा आणि काका प्लांटच्या एकाच शॉपमधले, म्हणजे एकाच विभागातले इलेक्ट्रिशियन. बाबा आता नाहीत, पण त्यांच्या घरात दुसऱ्याच्या टॅगला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. काकांनी बजावलं होतं, "पुढून काम कर, मांगं हात नको लावू." मी कधीच लावला नाही.

नोकरी सोडून मी घरून ड्रॉइंगचं काम सुरू केलं होतं. जवळच्याच रसमड्याच्या एका कारखान्यासाठी लोखंडी शेडची मॉडेलं करायची. विंडोजऐवजी लिनक्स काकांनीच बसवलं, पडद्यावरचं जड चित्र ओढणारं नवं ग्राफिक्स कार्डही त्यांनीच आत लावलं. रिटायर झाल्यावर हे सगळं ते स्वतःच शिकले होते आणि त्याचा मला फार अभिमान होता. पण मॉडेल फिरवलं की पडदा अडखळायचा. खिडकी सरकवली तर अर्धी पुढे जायची, अर्धी मागे राहायची.

मग सुरू झाले आमचे रविवार. आज उबुंटू, पुढल्या रविवारी फेडोरा, त्यापुढे डेबियन, सगळे लिनक्सचेच अवतार. माझ्या कॉम्प्युटरइतकी घरं कुठल्या भाडेकरूने बदलली नसतील. पडद्यावर चित्र उमटवायच्या लिनक्समध्ये दोन पद्धती, जुनी एक्स आणि नवी वेलँड. काका या दोघींची सासू-सुनांसारखी उलटतपासणी घ्यायचे. एकीवर पडदा फाटायचा, दुसरीवर रखडायचा.

"कार्ड तं बरोबर आहे," बशीत चहा ओतत ते म्हणायचे. "हे वेलँडच गडबड करून राहिलं. पुढच्या रविवारी पाहू नं."

आई त्यांच्यासाठी पातोडीचा रस्सा करायची. काकू वारल्यापासून ते जामुलला भाड्याच्या खोलीत एकटेच राहत होते, मुलगा हैदराबादला. जेवताना ते बाबांच्या गोष्टी सांगायचे आणि आई हसायची. तुमच्याही घरी असं एखादं माणूस येत असेल, नात्याचं नसून नात्याचं. मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता.

एका रविवारी कारखान्याच्या मालकांनी ऑनलाइन बैठक ठेवली. सुट्टीच्या दिवशी त्यांना वेळ असायचा. मी शेड फिरवून दाखवायला गेले आणि पडदा गोठला. पुन्हा फिरवली, पुन्हा गोठला. दुपारी त्यांचा फोन आला, काम दुसऱ्याला दिलं म्हणून. मी तिथेच रडायला लागले. काका शेजारच्याच खुर्चीवर होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वेलँडचा दोष आहे, बेटा. तुझा नाही."

पुढे मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. टॅग आमच्याकडे तसाच राहिला. त्या दिवाळीआधी आम्ही घर रंगवायला काढलं आणि टेबल हलवावं लागलं. रंगवाले खोळंबले होते, म्हणून चोरट्यासारखा तो टॅग मी काढला आणि पहिल्यांदा मागची बाजू पाहिली. कार्डाच्या भोकांवर कंपनीची काळी प्लास्टिकची टोपणं तशीच बसलेली होती. स्क्रीनची केबल वर, मदरबोर्डच्या भोकात होती. म्हणजे एवढं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि सगळं चित्र मदरबोर्डची लहानशी चिप ओढत होती. मी टोपण काढून केबल कार्डात खोचली. शेड अशी गरगर फिरली की मी बघतच राहिले. तीच शेवटच्या रविवारची फेडोरा, तेच वेलँड.

चुकून झालं असेल, असं स्वतःला समजावत मी हैदराबादला फोन लावला.

"काका, केबल चुकीच्या जागी होती. तुमाले माहीत होतं?"

ते म्हणाले, "पयले चुकूनच लावली होती, बेटा. उन्हाळ्यात ध्यानात आलं."

उन्हाळ्यात. माझं काम गेलं ते पावसाळा सरता सरता.

"मंग कावून नाही सांगितलं? मी रडून राहिली होती, अन् तुम्ही बाजूलेच बसून होते."

"सांगितलं असतं तं मशीन सुधरून गेली असती. मंग मले रविवारी कोणं बोलावलं असतं?"

मी फोन ठेवून दिला.

आई म्हणते, एकटा माणूस होता, सोडून दे. मला सोडता येत नाही. ज्या खुणेच्या भरवशावर प्लांटमध्ये माणसं मशीनमध्ये हात घालतात, तिच्याआड त्यांनी माझं नुकसान झाकून ठेवलं. दुसरं काम मिळालं, ते नीट चाललंय, तरी राग जात नाही. त्यांचे फोन येतात, मी उचलत नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तेव्हाही माहीत होतं. मशीन चांगली असती तरी आम्ही त्यांना दर रविवारी बोलावलं असतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.