मुठीचा डबा

चौसाळ्याच्या फाट्यावर एस्टीची वाट बघत उभे होतो. माझ्या कडेवर सोनू, आमच्या ह्यांच्या खांद्यावर वळकटी आणि आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातात पत्र्याचा एक डबा. विहिरीनं कधीचाच तळ दाखवलेला. मामंजी जनावरं घेऊन छावणीत मुक्कामाला, म्हणून निरोपाला त्या एकट्याच आलेल्या. गाडी थांबली तसा त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. मला वाटलं लाडू असतील. खिडकीशी बसून झाकण उघडलं तर आत काहीच नाही! असा राग आला म्हणता. बाहेरून त्या एवढंच म्हणाल्या, "मंगल, चूल कुठंबी पेटंव, पण मूठ काढल्याबिगर न्हाई."

गावाकडच्या बायांनो, तुम्हाला मूठ काय सांगायची! पण माझ्यासारख्या ज्या निघून आल्या, त्यांच्या लेकरांसाठी सांगते. दळणाची ज्वारी निवडली की घरात जितकी तोंडं, तितक्या मुठी आधी वेगळ्या डब्यात टाकायच्या. ओढगस्त असली तरी टाकायच्या. दर आवसेला गावातल्या बाया दूध सोसायटीच्या ओसरीवर जमायच्या आणि सगळ्यांचे डबे एका कोठीत रिकामे व्हायचे. जिची चूल थंड पडेल, तिला त्या कोठीतून ज्वारी मिळायची, व्याज नाही की हातापाया पडणं नाही. कोठी सांभाळणाऱ्या लताकाकू तोंडपाठ नावं पुकारायच्या. जिचं नाव येईल तिनं "हाय" म्हणायचं आणि डबा ओतायचा. जी सारखी चुकेल तिचं नाव गळायचं. दुष्काळात गाव सोडलं ते सोडलं, पण ह्या नावाचं मला लई वाटायचं. तेवढं एक गळलं असतं तर गावात माझं म्हणून राहिलं काय असतं?

भोसरीत एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. इथं कढीपत्त्याच्या काडीलाही पैसे! ह्यांचा पगार हातात येईतो खोलीभाडं, दूध, सोनूची बालवाडी त्याला वाटेतच गाठायची. मग मी कंबर कसली. भाजीवाला पाटी उचलायला लागला की मी हजर. डाळ परवडेना तेव्हा आत्याबाईंनी दिलेलं येसर उकळत्या पाण्यात लावायचं, भाजलेल्या धान्याचं ते पीठ मसाल्यात असं फुलतं की वासानं शेजारीण ताटली घेऊन यावी. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद, पुढचं काम वाफेचं. ह्यांचा टपरीवरचा चहा बंद केला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला ते स्वस्तच पडलं. एवढं करूनही मी मूठ काढायचे, तेव्हा मात्र हे चिडायचे. आपलंच पोट कापून डबा कुणासाठी भरतीस, म्हणायचे.

डबा भरला, आवस जवळ आली, आणि मी तो घेऊन थेट एस्टीत बसले. डब्यात मावेना ती ज्वारी पिशवीत घेतली होती. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. मी भांडले, तो हसला, तिकीट काही सुटलं नाही. जाण्यायेण्याच्या भाड्यात तसल्या ज्वारीचं अख्खं पोतं आलं असतं, हा हिशेब मला ओसरीवर बाया पोट धरून हसायला लागल्या तेव्हा कळला. काटकसरीचा डंका पिटणारी मी! आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "कावून आनलंस गं येवढ्या लांबून?" म्हणाल्या. "तुझी मूठ हितं मी काढते की. डबा दिला तो तिकडच्या चुलीसाठी." तेवढ्यात लताकाकूंनी माझं नाव पुकारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईच "हाय" म्हणून मोकळ्या झाल्या. सवयीनं. म्हणजे मी गेल्यापासून दर आवसेला हेच चाललं होतं. मला रडूही आलं आणि हसूही.

पुढं ह्यांची कंपनी अचानक बंद पडली. जमवलेलं सरत आलं, येसर संपलं, मुठीमुठीनं पुन्हा भरलेला तो डबाही आम्ही खाऊन संपवला. मग हे कुणासाठी म्हणून विचारेनात. गावी परत जायचं म्हणून भांडी बांधायला घेतली होती, तोच दारात आत्याबाई आणि त्यांच्या मागं हमालाच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं. कंपनी बंद पडल्याचं कळलं तसं गावच्या बायांनी बैठकीत ठरवून पाठवलेलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "लाजू नको. भीक न्हाई ही, तुझ्या मुठीचं हाय." मी विचारलं, सामानाचं तिकीट किती पडलं? तर म्हणे, पडलंच नाही, पोत्यावर पाय ठेवून बसले आणि कंडक्टरला सांगितलं की गुडघे दुखतात, पाय टेकायला घेतलंय. त्या पोत्यावर आम्ही तग धरला, ह्यांना दुसरं काम लागलं, आणि बांधलेली भांडी पुन्हा फळीवर चढली.

आता खोलीची दोन खोल्यांची जागा झाली आहे, पण कुकरची शिट्टी अजून एकच. आमच्या मजल्यावर जालन्याच्या, सोलापूरच्या बाया आहेत, त्यांनाही मी मुठीच्या नादी लावलं. आत्याबाईंचे गुडघे मात्र आता खरोखरच गेले. फोनवर आधी मूठ काढलीस का विचारतात, मग तब्येत.

गेल्या आवसेला गावी होते. त्यांना ओसरीपर्यंत चालवेना, म्हणून त्यांचा डबा घेऊन मी एकटीच गेले. लताकाकूंनी त्यांचं नाव पुकारलं. बाया इकडंतिकडं बघायला लागल्या.

"हाय," मी म्हणाले, आणि डबा ओतला.