मामावाचून लागलेले लग्न

न्यायालयाच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी शासनाला पत्रे लिहितो. आमच्या पुंडलिकनगर वस्तीत हे सर्वांना ठाऊक आहे आणि बहुतेकांना त्याचा कंटाळा आला आहे. मानवी तस्करीविरुद्धचा कायदा अधिक कठोर व्हावा, अशी मागणी मी अनेकदा केली होती. तो गुन्हा प्रत्यक्षात माझ्या घरी आला, तो पोळ्या करणाऱ्या बाईंच्या तोंडून.

त्यांच्या वारलेल्या बहिणीची मुलगी सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होती. वय सतरा. नात्यातल्या एका बाईने कामाला लावते म्हणून तिला परराज्यात नेले. आठवड्याने अनोळखी क्रमांकावरून मुलीचा फोन आला : "मावशी, लगीन लावलं म्हणत्यात. मला कायबी इचारलं नाय. बाहेरून कडी लावत्यात." एवढ्यात फोन तुटला. बाईंनी मुलीच्या बापाला विचारले. तो म्हणाला, चांगले स्थळ होते, हुंडा नव्हता, खर्च त्यांचाच होता. लग्न लावून दिले, आता तू मध्ये पडू नकोस.

मी संतापलो, आणि संतापलो की मी लिहितो. तीन पानी अर्ज तयार केला. बळी पडलेल्या व्यक्तीची संमती कायद्याच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे, मग बापाची कोठून चालणार, हा मुद्दा अधोरेखित केला. पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि महिला आयोग यांना रजिस्टर पोस्टाने प्रती पाठवल्या. उत्तरे आली. अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे, असे प्रत्येकाने सौजन्याने कळवले होते.

बाई रोज विचारत. "काका, अर्ज कुठवर गेला?"

"शहरातून सोयगावला वर्ग झाला आहे."

"मंग अजून थोडा पुढं ढकला म्हणावं. पोरीच्या सासरीच जाऊन पोचंल."

त्याच दुपारी आम्ही रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो.

तिथल्या हवालदाराने अर्ज न वाचता परत केला. "आजोबा, हद्द सोयगावची. आणि लग्न झालंय ना? घरगुती मामला आहे."

"गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला, तरी तक्रार कोणत्याही ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते," मी म्हणालो. "आणि तिच्या मर्जीविरुद्ध तिला कोंडून ठेवले आहे."

"लग्न झालेल्या पोरी पहिल्यांदा रडतातच."

माझा आवाज चढला. तो चढल्याने काहीही झाले नाही. तेव्हा इतका वेळ बाकावर बसलेल्या बाई उठल्या.

"साहेब, लगीन कुणी लावलं?"

"मला काय माहीत?"

"नवरीच्या पाठीशी कोण हुबं ऱ्हातं?"

शेजारच्या टेबलावरच्या महिला शिपायाने मान वर केली. "मामा," ती म्हणाली.

"तिला एकच मामा. माझा भाऊ. ज्या दिवशी लगीन लागलं म्हणत्यात, त्या दिवशी त्यो माझ्या घरी जेवत होता. त्याला सांगावासुदिक नाय. हळद कुणी लावली? मावशीला मानाची साडी कुठंय? साहेब, मामाला न सांगता गाय इकत्यात, पोरीचं लगीन लावत न्हाईत."

महिला शिपायाने कोरा कागद ओढला. "मावशी, इकडं बसा. फोन आला तो नंबर आहे का?"

हे सारे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. अर्जात घेण्याजोगे नाही म्हणून मी ते वगळले होते. चाळीस वर्षे कागद हाताळलेल्या माणसाची ही चूक आहे आणि तिची तरफदारी मी करणार नाही. कायद्यात कलमे पुरेशी होती. हे लग्न नसून व्यवहार आहे, हे पोलिसाला, बापाला आणि गावाला ज्या भाषेत तत्क्षणी कळले असते, ती भाषा मीच खोडली होती.

गुन्हा नोंदला गेला. पथक गेले आणि मुलगी सापडली. बालकल्याण समितीने चौकशीअंती तिला मावशीच्या ताब्यात दिले.

पुढच्या रविवारी मुलीचा बाप माझ्याकडे आला. चहा त्याने घेतला नाही. "साहेब, तुमचं लिहिणं लई भारी. आमचाबी एक अर्ज लिहा. केस मागं घ्यायचा. गावात तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायली."

हा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही, असे मी त्याला सांगितले. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी मावशीच्या मागे उभी होती. बापाकडे तिने पाहिले नाही. मला म्हणाली, "आजोबा, मला कोंडलं हुतं त्या घरामागच्या खोलीत अजून एक हाय, पोलीस तिकडं गेलेच न्हाईत. भोकरदनकडची. तिचं कुणी आलंय का इचारायला?"

कोणी आले नव्हते. मी चपला घातल्या आणि ठाण्यात तेच सांगण्यासाठी तिला चलतेस का, असे विचारले. ती निघाली. मावशी परातीतली कणीक तशीच झाकून आमच्यामागे आल्या.