फुगलेली बॅटरी आणि मंगलचा उजवा हात

"कशाने भाजलं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं आणि मी म्हणालो, "स्टोव्हचा भडका उडाला."

हे खोटं होतं. आमच्या घरात स्टोव्ह नव्हताच. माझी बायको मंगल समोर स्टुलावर बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळलेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. माझ्या खोट्याला तिने साक्ष दिली.

मॅडमनी हात तपासला. "सेकंड डिग्री बर्न," त्या म्हणाल्या. म्हणजे कातडीचा वरचा थर जाऊन खालचाही भाजलेला. फोड येतात, आठवडे जातात, पण हात वाचतो. मी सुटकेचा निःश्वास सोडला. मग त्यांनी विचारलं, "ताई, काम काय करता?"

"हार-गजरे बांधते. दोन दुकानांना देते."

मॅडमनी तिची बोटं पुन्हा एकदा पाहिली. गजऱ्याची गाठ अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी मारतात. नेमकी तीच बोटं सगळ्यात जास्त भाजली होती.

बाई भाजून आली की इस्पितळाला पोलिसांना कळवावं लागतं. मला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं गेलं. ती म्हणाली, "स्टोव्ह." देवळ्याहून तिचा भाऊ शांताराम धावत आला. त्याने बाकड्यावर माझ्या शेजारी बसून हळू आवाजात विचारलं, "दाजी, तुमच्याकडं गॅस हाय. स्टोव्ह कुठून आला?" मी चहा आणायला उठलो. त्याने बहिणीला विचारलं. तिने त्यालाही तेच सांगितलं. त्याने आणलेली डाळिंबं खाटेखाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता तो निघून गेला.

आता खरं काय झालं ते सांगतो, कारण ज्यांच्या घरात तसली बॅटरी आहे त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

माझा शाळेतला मित्र जहाजावर नोकरीला आहे. दोन हजार सातच्या सुमारास त्याने मला एअरसॉफ्ट बंदूक आणून दिली. दिसायला थेट खरी, आत मात्र मोटर आणि प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या. रविवारी आम्ही चार मित्र माळावर रिकाम्या डब्यांवर नेम धरायचो. चाळिशी ओलांडलेली माणसं, पण डबा पडला की शाळकरी पोरांसारखे ओरडायचो. तिची बॅटरी लिथियम पॉलिमरची होती, खेळणारे तिला लायपो म्हणतात. चपटी, हलकी, चांदीच्या मऊ वेष्टणात.

मी सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये. बॅटरीबद्दल मला कोण शिकवणार, असा माझा तोरा. बंदुकीच्या चार्जरची पिन आपल्या सॉकेटला बसेना. शिवाय बॅटरीला तीन तारांचा एक छोटा पांढरा प्लग जास्तीचा होता. तो कशाला हवा, म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि जुन्या ड्रिलचा चार्जर जोडला. नंतर कळलं की आतले दोन सेल सारखे भरतात की नाही, यावर त्याच प्लगमधून लक्ष ठेवलं जातं.

महिन्याभरात बॅटरी पुरीसारखी फुगली. मी ती दोन फळ्यांमध्ये धरून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबली, चपटी केली आणि जोर लावून पुन्हा बंदुकीत बसवली. मंगल म्हणाली, "अहो, फुगलंय ते. टाकून द्या." मी म्हणालो, "तू गजरे बांध."

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पाटावर मांडून पुजतात. पुजायचं अवजार चालू स्थितीत हवं, हा माझ्या वडिलांचा नियम. म्हणून घटस्थापनेच्या दिवशी मी ड्रिल, टॉर्च, बंदूक सगळं पूर्ण चार्ज करून ठेवलं, आणि बंदूक तर रोज सकाळी थोडा वेळ पुन्हा चार्जिंगला लावायचो. पूर्ण भरलेली, फुगलेली बॅटरी, नऊ दिवस, ऑक्टोबरच्या उकाड्यात. नवमीला सकाळीही ती चार्जिंगवरच होती. मी अंघोळीला गेलो.

मंगल पाटाभोवती झेंडू मांडत होती. मी पंचा गुंडाळून बाहेर आलो तेव्हा बंदुकीतून धूर निघत होता आणि खोलीत नेलपॉलिशसारखा गोड वास होता. मी काय ओरडलो? "मंगल, बॅटरी ओढून काढ! बंदूक जळेल!"

बंदूक जळेल. हेच शब्द.

तिने काढली. ती तिच्या हातात फुटली.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम कपाळाला आठ्या घालून आल्या. "जखम दिसते त्या मानाने दुखणं फार जास्त आहे. काहीतरी बसत नाही." मंगल सांगत होती, हाडात कुणी टाचणी फिरवतंय. इंजेक्शननेही ते थांबत नव्हतं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "स्टोव्हच होता ना?"

मी मंगलकडे पाहिलं. ती ओठ दाबून छताकडे बघत होती, तरी माझं खोटं मोडत नव्हती. त्या क्षणी मला स्वतःची इतकी किळस आली की सगळं सांगून टाकलं.

"तुम्ही चोवीस तास घालवलेत," मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या. "बॅटरीतल्या रसायनापासून एक अॅसिड तयार होऊ शकतं. ते कातडीतून आत जातं. वरून साधं दिसतं, आत खात राहतं." त्यांनी हात पुन्हा भरपूर पाण्याने धुवायला लावला आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळलं. ते अॅसिड शरीरातलं कॅल्शियम ओढतं, म्हणून बाहेरून कॅल्शियम द्यायचं. संध्याकाळपर्यंत मंगलला झोप लागली. मी तिच्या उशाशी बसून रडलो.

पोलिसांकडेही मीच गेलो. हवालदारांनी अर्धी वितळलेली बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. "हे खेळणं? आणि यापायी बाई भाजली?" ते एवढंच म्हणाले. खरी शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं.

अॅसिडने जखम खोल गेली होती, त्यामुळे पुढे ग्राफ्टिंग झालं, म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून बोटांवर लावली. ती धरली. पण पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटं काठीसारखी ताठ. मॅडम म्हणाल्या, "कॉन्ट्रॅक्चर." भरताना कातडी आक्रसते आणि सांधा अडकतो. "आता औषधाचं काम कमी, तुमचं जास्त."

व्यायाम घेणाऱ्या बाई भारी फटकळ होत्या. "ताई, हात काय नवस बोलल्यासारखा धरलाय? मूठ वळा!" मंगल घामाघूम होऊन म्हणायची, "तुमची जीभ वळते तेवढी माझी बोटं वळली तर अजून काय पाहिजे!" सगळा हॉल हसायचा. मी कारखान्यात पहिली पाळी मागून घेतली. रोज दुपारी तिला द्वारका चौकाजवळच्या त्या इस्पितळात नेत होतो. घरी तेल लावून एकेक बोट वाकवायचो. तिच्या तोंडून आवाज निघाला की माझा हात थांबायचा. "थांबू नका," ती दरडावायची. "तुम्हाला नाही दुखत."

तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी अंगठा करंगळीला टेकला. फटकळ बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग स्वतःच डोळे पुसले. पुढच्या नवरात्रात मंगल ओट्यापाशी बसली, दोरा बोटाला गुंडाळला आणि गाठ मारली. पहिला गजरा वाकडा झाला. दुसराही. अष्टमीपर्यंत दोन्ही दुकानांची मागणी ती एकटी पुरी करत होती. दुकानदार तक्रार करायला लागला, "वहिनी, फुलं संपली, तुम्ही थांबत नाही!" ती जिंकली होती.

लायपो अजूनही माझ्या मित्रांकडे आहेत, आणि मी त्यांच्या कानीकपाळी ओरडतो. फुगली की संपली. दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. चार्जर तिचाच हवा, पांढऱ्या प्लगसकट. चार्जिंगला लावून अंघोळीला काय, शेजारच्या खोलीतही जाऊ नका. खेळून झालं की बंदुकीतून बाहेर काढा. ठेवायची तर अर्धवट चार्ज असताना, थंड जागी, कपडे-कागदांपासून लांब. घट्ट झाकणाच्या डब्यात नको, आत वायू कोंडतो. धूर दिसला तर माणसं बाहेर काढा. वस्तू जळू द्या. आणि डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला खरं सांगा.

एवढं सगळं जगाला सांगत होतो, पण एका घरी सांगितलं नव्हतं. मंगल भाजली त्या वर्षी शांताराम दिवाळीला आला नाही. बहीण आपल्याशी खोटं बोलली, हे त्याला ठाऊक होतं. मंगलने मला कधी टोकलं नाही. फक्त भाऊबीजेला ताट आवरून ठेवलं.

पुढच्या भाऊबीजेला मीच म्हणालो, "देवळ्याला जाऊ." शांतारामने दार उघडलं, "या" म्हणाला, पण हसला नाही. मंगलने उजव्या हाताने ओवाळलं. सासूबाई, शेजारची दोन माणसं, सगळे बसलेले. मी उठून उभा राहिलो.

"शांतारामभाऊ, स्टोव्ह नव्हता. बॅटरी माझी होती, फुगलेली होती, मंगल टाका म्हणत होती. पेटल्यावर बंदूक वाचव म्हणून ओरडलो तो मी. ती तुमच्याशी खोटं बोलली ती मला झाकायला. तुमचा राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको." मग मी तिच्याकडे वळलो. वर्षभर रोज तिचा हात हातात घेत होतो, पण हे कधी तोंडातून निघालं नव्हतं. "मंगल, तुझ्या हातापेक्षा मला ते खेळणं आधी आठवलं. आणि मग तुला तुझ्या भावाशी खोटं बोलायला लावलं. माझं चुकलं. मला माफ कर."