पंचमी सोडून खेळणारी बाई

दर रविवारी दुपारची जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की मी पदर नीट करते आणि उस्मानपुऱ्यात खेळायला जाते. खेळायला. यासाठी दुसरा शब्द मला सापडलेला नाही आणि शोधायचाही नाही. शेजारीण जिन्यात विचारते, "कुठं निघालात?" मी सांगते, "खेळायला." ती हसते आणि तशीच उभी राहते, की ही आता खरं काय ते सांगेल. राहा बाई उभी.

तिथं मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर खेळांचा एक कॅफे आहे. अरुंद जिना चढून वर गेलं की भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर खोकेच खोके. एकेका खोक्यात एकेक खेळ. चहा-कॉफी मागवायची, आवडेल तो खोका काढायचा आणि टेबलावर पट मांडून बसायचं. सोबतीला कुणी नसलं तर मालक कुठल्यातरी टेबलावर जागा करून देतो. हा मालक शहागंजातला, तिशीच्या आतला. बापाचं तिथं कापडाचं दुकान आहे, आणि बाप म्हणतो, पोरानं लोकांना रिकामं बसवायचा धंदा काढला. मला तो पहिल्या दिवसापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. "आओ खाला, तुमारा कोना खाली हैच," म्हणत खिडकीजवळची खुर्ची पुसून देतो. घरात माझ्यासाठी अशी खुर्ची कुणी पुसल्याचं मला तरी आठवत नाही.

पहिल्यांदा मला तिथं माझी लेकच घेऊन गेली. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, म्हणाली, "आई, चल गं, घरी बसून काय करणार?" मी करमाडजवळच्या खेड्यातली. आमच्याकडं चल्लस-आठ खेळायचे. फरशीवर खडूनं पंचवीस घरं आखायची आणि फाशाच्या जागी फोडलेले चार चिंचोके. ते ओंजळीत खुळखुळवायचे, कपाळाला लावायचे आणि ओरडून आपटायचे. चारी पांढरे पडले की चल्लस. तर त्या दिवशी पोरींनी माझ्या हातात दोन फासे दिले आणि हाताला जे ठाऊक होतं ते हातानं केलं. ओंजळ, कपाळ, आणि "चल्लस!" म्हणून दिले आपटून. एक फासा उडून गेला थेट शेजारच्या टेबलावरच्या कॉफीत. सगळा कॅफे चिडीचूप. लेकीनं ओढणीत तोंड खुपसलं. ज्याची कॉफी होती त्या चष्मेवाल्या पोरानं चमच्यानं फासा बाहेर काढला, नीट बघितला आणि म्हणाला, "काकू, सहा पडलाय." मग जो हशा पिकला, त्यात मी सगळ्यात जोरात हसत होते. कितीतरी वर्षांनी पोट दुखेस्तोवर हसले.

दुसरी खोड तर अजून गेली नाही. चल्लसमध्ये दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही. इथल्या खोक्यांतल्या खेळांना असला काही नियम नसतो. पण मी आपली जिंकायची सरळ वाट सोडून कुणाला तरी मारायला मागं फिरते. पोरं डोक्याला हात लावतात. "अहो काकू, जिंकताय तुम्ही! जा ना आत!" मी म्हणते, "कुणाला न मारता कशी जाऊ रे? लाज वाटत नाही का?"

मध्यंतरी सिडकोतही असा एक कॅफे निघाला. तोही बघून आले. सगळं काचेचं, गार हवा, आणि काउंटरवरची पोरगी मला म्हणते, "मॅडम, मुलांना सोडायला आलात का?" म्हणलं, "नाही गं बाई, मुलांना हरवायला आले." हरवलं आणि आले. परत गेले नाही, आपला उस्मानपुराच बरा.

आता मूळ दुखणं सांगते. आमच्याकडं बाईनं खेळायचं ते पंचमीला. नागपंचमीला लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायचे, फुगडी, पिंगा, रात झाली तरी चल्लस चालायचं, आणि तेव्हा कुणी बाप्या माणूस "आता बास" म्हणायचा नाही. पण पंचमी सरली की खेळ सरला. एरवी सासरी खडूनं पट आखलेला दिसला तर सासू पाय घासून पुसून टाकायची. "घरात पट मांडला की अवदसा येती," म्हणायची. खेळायचं असलं तर बाईला माहेर पाहिजे आणि श्रावणही पाहिजे. मी हे इतकी वर्षं धरून चालले आणि मला ते कधी खटकलंसुद्धा नाही, याचाच मला आता राग येतो.

तर गेल्या हिवाळ्यात लेकीसाठी एक स्थळ आलं. मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनिअर, गावी चांगली बागायत. दोघं दोनदा बाहेर भेटली होती आणि लेकीला मुलगा आवडला होता. ती सांगत नव्हती, पण फोन वाजला की गच्चीवर पळायची, आणि चहात साखर टाकायची विसरायची. मला सगळं कळत होतं. मी देवाला हात जोडत होते की ही सोयरीक जुळू दे.

आणि नेमके त्या मुलाचे चुलते उस्मानपुऱ्यात मोबाइल दुरुस्तीला आले. खाली दुकानात उभे असताना वरून माझी आरोळी त्यांनी ऐकली, "मारली गं मारली!" कोण बाई ओरडते म्हणून वर येऊन डोकावले. हातात पत्ते, समोर तीन तरणी पोरं, आणि मधे मी. पुढं त्यांनी फोटो बघितला मुलीच्या आईचा आणि ओळखलं.

मुलाकडची माणसं घरी यायच्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांच्या कानावर हे आलं होतं. मला म्हणाले, "विचारलंच तर सांग, तुझ्या कॉलेजच्या ऑफिसातल्या बायकांची पार्टी होती. एकदाच गेले होते म्हणावं." मी पोह्यांसाठी कांदा चिरत राहिले. ह्यांना वाटलं, मी ऐकलं.

पोहे झाले, चहा झाला. चुलत्यांनी कप खाली ठेवला. "ताई, एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही म्हणं त्या वरच्या हॉटेलात पोरांसंगं पत्ते खेळत बसता?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. लेक दारात ट्रे घेऊन उभी होती, तिनंही बघितलं. एक "नाही" म्हणायचं होतं, इवलुसं. पण तोंडातून आलंच नाही.

"व्हय पाव्हणं, खेळते. दर रविवारी. पत्ते असतात, फासे असतात, सोंगट्या असतात. पैसे लावत नाय कुणी."

"पैशाचं नाय हो," चुलते समजुतीनं म्हणाले. "बाईमाणसानं खेळावं, कोण नाय म्हणतं? पंचमी हाय, माहेर हाय."

"माहेरी आई-बाप राहिले नायत. झोक्याचा निंब रस्त्यात गेला. भावाकडं गेलं की भावजय टीव्ही लावून देती. मंग आता खेळायला पुढच्या जन्माच्या पंचमीची वाट बघू का?"

मुलाची आई मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत राहिली. पाहुणे गेले, आणि हे माझ्यावर फुटलेच. "एक खोटं बोलली असतीस तर काय तोंड झडलं असतं तुझं?"

"झडलं असतं," म्हणलं.

चार-सहा दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत आहे, घराणं पसंत आहे, एवढंच की विहीणबाईंनी ते हॉटेलात जाणं तेवढं बंद करावं, चारचौघांत बरं दिसत नाही. हे तर सुटकेचा श्वास टाकून मोकळे झाले. मला म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला. जाऊ नकोस आता, झालं." आणि खरं सांगते, माझाही जीव हलला. पोरीच्या सुखापुढं माझा रविवार तो केवढासा! मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

तोवर लेक फोन घेऊन गच्चीवर गेली. मी तिच्यामागं जिन्यापर्यंत गेले, तिथून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. तिनं त्या मुलाला एवढंच विचारलं, "आणि मला खेळायचं असलं तर?" पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. लेक म्हणाली, "लग्नानंतर बघू म्हणजे काय? आत्ता सांग." तिच्या चपला गच्चीवर इकडून तिकडं वाजत राहिल्या. मग म्हणाली, "बरं. राहू दे मग."

खाली आली आणि बापाला म्हणाली, "त्यांना नाही म्हणून कळवा." मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून रडणं ऐकू येत होतं. ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीच माझ्याशी नीट बोलत नव्हते. बाणा माझा आणि भोगायचं लेकीनं, हा कुठला न्याय? पाव्हण्यांपुढं ताठ बोलताना छाती फुगली होती, आता त्या छातीत नुसतं दुखत होतं. पंचमी, निंब, भावजय, सगळं बोलायला सोपं होतं. पोरीला तो खरंच आवडला होता.

रविवार आला. जेवणं झाली, भांडी झाली. मी मेथीची जुडी घेऊन फरशीवर बसले. कुठं जायचं नाही असं कुणाला सांगितलं नाही, नुसती बसले आणि निवडत राहिले. लेक खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेलेच होते. माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं.

"का गं, निघाली नाहीस?"

"नाही. कंटाळा आलाय."

"कंटाळा?" ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या हातातली मेथी काढून घेतली. "आई, आता तूच घरी बसलीस, तर मी कशासाठी मोडलं गं?"

मी उठले, पदर नीट केला. गाडी तिनं काढली.