बेव्हबाई आणि सतरावा राष्ट्राध्यक्ष

सतराव्या राष्ट्राध्यक्षापाशी चहाची ट्रॉली आली.

"दूध घालू का, डार्लिंग?" ट्रॉलीवालीने विचारलं.

"अगदी थोडं," बेव्हबाई म्हणाल्या. त्यांनी कप घेतला, बिस्किट माझ्या हातात ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. "पहिला. लोक त्याला राजाच करायला निघाले होते. दोन टर्म झाल्या आणि गडी आपल्या शेतावर निघून गेला. दुसरा..."

मी घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे वीस मिनिटं होती. त्यातली बारा अमेरिकेच्या सतरा अध्यक्षांनी खाल्ली होती आणि आता आम्ही परत पहिल्यापाशी होतो.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. इथे सगळे ओटी म्हणतात. पुण्यातले नातेवाईक अजूनही मला फिजिओ समजतात आणि लग्नकार्यात गुडघे दाखवतात. फिजिओ माणसाचे हातपाय बघतो. आम्ही त्याचा दिवस बघतो. उठणं, आंघोळ, चहा, औषधं, गॅस बंद करणं, हे सगळं त्याला एकट्याने जमेल का, हे ठरवण्यात आमचं मत धरलं जातं. ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात, वयस्कर पेशंटांच्या वॉर्डात, मी दहा वर्षं हेच करते आहे.

इथे ऐंशी ओलांडलेल्या बाईलाही नुसतं नावाने हाक मारायची असते. माझी जीभ अजून अडखळते, म्हणून लिहिताना तरी मी त्यांना बेव्हबाई म्हणणार. शिवाय त्या खरोखरच्या बाई होत्या. तिशीच्या आसपास अमेरिकेतून इथे आल्या आणि पुढची तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नवरा गेल्यापासून ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्स उपनगरात एका छोट्या युनिटमध्ये, म्हणजे दोन खोल्यांच्या बैठ्या घरात, एकट्या राहायच्या. सोबतीला एक मांजर. दोन महिन्यांत दोनदा पडल्या, दोन्ही वेळा सकाळी. दुसऱ्या वेळी शेजारणीला त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडल्या.

प्रश्न सरळ होता. शुक्रवारी बाईंना घरी पाठवायचं की रेस्ट होममध्ये? रेस्ट होम म्हणजे वृद्धाश्रमच, फक्त गालिचा चांगला. त्यांची मुलगी केरी विमानाच्या अंतरावर, अप्पर हट नावाच्या गावात राहते आणि तिथून ट्रेनने वेलिंग्टनच्या एका ऑफिसात जाते. तिने घाबरून फॉर्म भरूनही ठेवले होते. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला तिकडे पाठवलंस तर मी तिथून शवपेटीतूनच बाहेर येईन. लिहून घे."

मी ते लिहून घेतलं नाही. पण डोक्यातून काही गेलं नाही.

आमच्या डॉक्टर टिमला कसलीच शंका नव्हती. स्मरणशक्तीच्या चाचणीत बाईंना जवळजवळ पैकीच्या पैकी. तारीख, वार, आपण कुठे आहोत, सगळं बरोबर. वर हे अध्यक्षपुराण. बाई प्रत्येकाचं आडनाव घेऊन त्याच्या काळाचं एका वाक्यात सार सांगायच्या. आडनावं मी इथे देत नाही, मला वर्णनंच लक्षात राहिली आहेत. चिखलाच्या बुटांची गर्दी ज्याने व्हाइट हाउसमध्ये घेतली तो. गुलामगिरीचा प्रश्न एकमेकांकडे ढकलणारे चार-पाच जण, एकापाठोपाठ एक. युद्ध जिंकून नाटक बघायला गेला आणि गोळी लागली, तो सोळावा. लोक काढायला निघाले आणि एका मताने वाचला, तो सतरावा. मग रेल्वेवाल्या शेठजींच्या खिशातले. मग व्हीलचेअरमधून चार वेळा निवडून आलेला. अगदी आत्ताच्यापर्यंत. "त्याचं तू रोज बातम्यांत बघतेसच," असं म्हणून त्या तिथे थांबायच्या.

टिमने आख्खा राउंड तिथे उभा करून हे ऐकवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "अमेरिकन लोकांना तरी एवढे येतात का? घरी जाऊ दे. पेनरोजच्या साहित्याच्या डेपोतून आंघोळीला बसायचं एक शॉवर स्टूल मागव. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, झकास.

"मग पडल्या कशामुळे?"

"बीपी लो होतं. पाणी कमी पितात. इथे बघ, आल्यापासून बीपी अगदी छान आहे."

ते खरं होतं. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. ट्रॉलीच्या वेळी मला वाटलं होतं, बाईंना सांगायला मजा येते आहे म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्या व्हीलचेअरवाल्यापर्यंत पोहोचल्या आणि नर्स बीपी घ्यायला आली. नर्स गेली. "पहिला," बाई म्हणाल्या. "लोक त्याला राजाच करायला निघाले होते..."

मी मुद्दाम विचारलं, "बेव्ह, तुम्ही न्यूझीलंडला आलात तेव्हा कोण होता?"

त्या हसल्या. डोळे मिटले. ओठ हलायला लागले, उजव्या हाताची बोटं ब्लँकेटवर एकेक करून मोजू लागली. मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "टेपवाला! स्वतःच्याच ऑफिसातल्या टेपांनी ज्याला घालवलं."

उत्तर बरोबर होतं. मला मात्र शाळेतले पाढे आठवले. "सात आठे?" असं गुरुजींनी विचारलं की मी मनात सात एके सातपासून धावत सुटायचे. आठापर्यंत पोहोचले की मग छप्पन्न. मध्ये कोणी खोकललं तरी गाडी पुन्हा स्टेशनात. पाढे येतात, याचा अर्थ गणित येतं असा नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

बुधवारी वॉर्डच्या स्वयंपाकघरात त्यांची चाचणी घेतली. आम्ही पेशंटला चहा आणि टोस्ट करायला सांगतो आणि कोपऱ्यात उभं राहून बघतो. बाईंनी सगळं इतकं नेटकं केलं की मीच तो चहा प्यायले. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. रिपोर्टमध्ये "घरी पाठवावे" असं टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी टिमकडे गेले.

"गुरुवारी मला त्यांना घेऊन त्यांच्या घरी जायचंय. दोन तास."

"मेधा, टेस्ट पास झाली ना त्यांची?"

"झाली. पण चाचणी घेताना मी तोंडातून अवाक्षर काढत नाही. घरी शेजारीण, रेडिओ, मांजर, कोणी गप्प बसत नाही."

त्याने खांदे उडवले आणि गाडीच्या फॉर्मवर सही केली.

बॉटनी डाउन्सचं ते युनिट लख्ख होतं. शेजारणीने मांजर आणून सोडलं होतं. एवढं लठ्ठ मांजर मी जन्मात बघितलं नव्हतं, ते चालताना पोट जमिनीला लागायचं. औषधं नर्सने सकाळीच दिली होती, म्हणून मी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत पेपरमिंटच्या गोळ्या भरून नेल्या होत्या. ही आमची नेहमीची युक्ती आहे.

"बेव्ह, समजा आत्ता सकाळ झाली आहे. रोज करता तसं सगळं करा."

त्यांनी खिडकीची ब्लाइंड वर केली. रेडिओ लावला. मांजराला खाणं घातलं. किटली लावली. बाटलीतून दोन गोळ्या काढून पाण्याबरोबर घेतल्या. ब्रेडकडे हात नेला आणि फोन वाजला.

केरी होती. भेट कशी चालली आहे, हे तिला कळायला हवं होतं. बाई तीन-चार मिनिटं बोलल्या. "हो ग, सगळं छान. हो, गोळ्या घेते आहे."

फोन ठेवला आणि ये रे माझ्या मागल्या. त्या खिडकीपाशी गेल्या. वर असलेली ब्लाइंड खाली ओढून पुन्हा वर केली. रेडिओचं बटण चाचपलं. मांजराला दुसऱ्यांदा खाणं मिळालं, त्यानेही हरकत घेतली नाही. किटली. मग बाटली.

"बेव्ह," मी विचारलं, "गोळ्या घेतल्यात का?"

"छे," त्या म्हणाल्या, "अजून तिथवर पोहोचले नाही." आणि त्यांनी आणखी दोन पेपरमिंट तोंडात टाकल्या.

आता माझा हिशेब जुळला. बीपीच्या गोळ्या दुप्पट गेल्या की बीपी पडणार, बीपी पडलं की माणूस पडणार. वॉर्डात गोळ्या नर्स देत होती, म्हणून तिथे सगळं छान होतं. सापडलं म्हणून आनंद झाला खरा, पण तो गाडीपर्यंतसुद्धा टिकला नाही. कारण रोज सकाळी फोन कोण करतं, हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी केरीनेच अभिमानाने सांगितलं होतं. बाबा गेल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही. ट्रेनमध्ये बसली की सात चाळीसला आईला फोन, आणि पहिला प्रश्न, "गोळ्या घेतल्यास का?"

रोज घोटाळा होत नसणार. बाई लवकर उठल्या असतील त्या दिवशीच फोन गोळ्यांच्या नंतर येत असणार. तसे निदान दोन दिवस आलेच होते.

परतताना बाई शेजारी बसून दुकानांच्या पाट्या वाचत होत्या आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. केरीला नुसतं सांगायचं, "दहानंतर फोन करत जा." कारण विचारलं तर म्हणायचं, आईला आराम मिळेल. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मला माझाच राग येत होता. पेशंटला स्पष्ट सांगायला मी कधी कचरत नाही, मुलीला सांगताना का पाय मागे?

शुक्रवारी टिमला सगळं सांगितलं. त्याने दोन गोळ्यांची एक केली आणि फार्मसीतून ब्लिस्टर पॅक मागवला. त्यात दर दिवसाच्या गोळ्यांचा वेगळा कप्पा असतो, वर वार छापलेला. बाई शंभरदा पहिल्यापासून सुरू करू देत, आजचा कप्पा रिकामा दिसला की गोळ्या झाल्या.

"म्हणजे घरी?" टिमने विचारलं.

"घरी."

केरी सकाळच्या विमानाने आली होती. आईच्या पलंगाशी बसून तिने माझं ऐकून घेतलं. पॅक, मांजर, पेपरमिंट. मग फोनचा विषय आला तेव्हा मी माझं जुळवलेलं वाक्य म्हणाले, "तुमचा फोन दहानंतर केलात तर बरं पडेल."

तिने पॅक उचलून त्यावरचे वार वाचले. मग हळूच म्हणाली, "मी सात चाळीसला करते."

"हो."

"दोन्ही वेळा मीच होते?"

मला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक हो," मी म्हणाले.

तिने पॅक ब्लँकेटवर ठेवून दिला. तेवढ्यात बेव्हबाईंनी तिच्या मनगटावर टिचकी मारली. वर्गात मारत असतील तशीच.

"केरी, मंदी आली तेव्हा खुर्चीत होता त्याचं काय झालं, शिकवलं होतं ना मी तुला? लोकांनी झोपडपट्ट्यांना त्याचं नाव दिलं. मंदी काय त्याने एकट्याने आणली? आधीच्यांच्या काळात ती शिजत होती. हा फक्त त्या वेळी खुर्चीत सापडला."

"पण मम्, मी फोन केला नसता तर..."

"फोन केला नसतास तर तुझे बाबा गेल्यापासून माझी एकही सकाळ कोणाशी बोलून सुरू झाली नसती. मीच म्हातारी झाले आहे. हे माझ्या कारकिर्दीतलं आहे, तू अंगाला लावून घेऊ नकोस."

केरीने नाक पुसलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्याच्या आधी कोण होता ग?"

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. तिसाव्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. केरी त्यांचा हात धरून बसली, एक शब्द बोलली नाही. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले.

बाई त्या दिवशी दुपारी घरी गेल्या. सहा आठवड्यांनी मी चौकशी केली. पडल्या नव्हत्या. मांजराला डॉक्टरने डाएटवर टाकलं होतं. केरी आता जेवणाच्या सुट्टीत फोन करते. हे कायमचं नाही, हे तिला माहीत आहे आणि मलाही. वर्ष, दोन वर्षं. तेवढी त्यांची त्यांच्या घरात जातील.

मी आमच्या फॉर्मवर पेनने एक प्रश्न वाढवला. घरी फोन कोण करतं आणि किती वाजता? टीम लीडर म्हणाली, अशी रकाना-भरती केली तर फॉर्म वहीएवढा होईल. मी म्हटलं, होऊ दे. काळजी करणारी माणसं पेशंटच्या दिवसातच येतात, आणि आपण त्यांना मोजत नाही.

त्या संध्याकाळी पार्किंगमधून नेहमीसारखा आईला फोन लावला. पुण्यात सकाळचे साडेदहा. मी रोज याच वेळी करते, इतकी वर्षं. पहिल्यांदाच विचारलं, "आई, मी फोन केला तेव्हा काय करत होतीस?"

"काही नाही ग," आई म्हणाली. "गॅसवर दूध ठेवलंय. तू बोल."