तीन रंगांचे सरगुंडे

१८ मे २००४, मंगळवार. सकाळी मी पालकाची जुडी निवडत बसले होते. हिंगणघाटच्या बाजारात मे महिन्यात पालक मिळतो तो असा: अर्धी पानं पिवळी, उरलेली उन्हानं मान टाकलेली. माझ्या मुलीनं त्यासाठी बाजाराच्या दोन फेऱ्या मारल्या होत्या. सोबत बीट आणलं होतं. हळद घरचीच. एवढा खटाटोप कशाला, तर भाचा आम्हाला घरी रंगीत पास्ता करून दाखवणार होता.

भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होता आणि सुट्टीत आजोळी आला होता. पोरगा वाईट नव्हता. पण आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. त्याला पाया पडू देत नाहीत, उलट मामाच वाकतो. तो आला की माझ्या सासूबाई त्याच्याभोवती फिरत राहायच्या, जणू कूलरची हवा एकट्या त्यालाच लागायला हवी.

सामान सांगताना तो म्हणाला, "मामी, सहा अंडी लागतील."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आमचं घर दुकानदाराचं, माळकऱ्यासारखं कडक. स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं. म्हणजे एकदा आलं होतं. मुलगी दहावीत असताना तिनं केकसाठी एक अंडं आणलं, मैत्रिणीकडून, रुमालात गुंडाळून. सासूबाईंनी तिला अंघोळ करायला लावली, ओटा धुवून घेतला आणि ज्या भांड्यात ते फोडलं ते भांडं भंगारवाल्याला देऊन टाकलं. आठवडाभर घरात तोच विषय.

आता त्याच सासूबाई म्हणाल्या, "आणू दे त्याले. अभ्यासाचं काम आहे त्याचं. अभ्यासात काय दोष?"

"आज मंगळवार आहे, आई," मी म्हटलं. त्यांचा मंगळवारचा उपास असायचा.

"मी कुठं खाऊन राह्यली? पोट्टा करून राह्यला, करू दे."

अंडी आली. पुढच्या दारानं, उघड्या पिशवीत.

इथे मला मुलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. तिची आदल्या वर्षी बारावी झाली होती. तिलाही हॉटेल मॅनेजमेंटच शिकायचं होतं. नागपूरला एक कॉलेज होतं, तिनं चौकशी करून ठेवली होती. मी घरात दोनदा विषय काढला आणि माझ्या नवऱ्यानं दोनदा तो बंद केला. "लोकायच्या उष्ट्या प्लेटा उचलन का आपली पोरगी?" शेवटी गावातल्याच कॉलेजात तिला बी.ए.ला घातलं. ती गेली, परीक्षा दिली, कुरकुर केली नाही. फक्त घरात बोलणं कमी केलं. नागपूरच्या प्रवेशाचे दिवस पुन्हा आले होते. हे वर्ष गेलं की मग गेलंच. त्यानंतर स्थळं बघायला सुरुवात होणार, हे नवऱ्यानं उघड सांगितलं होतं.

तर पास्ता. भाच्यानं ओट्यावर मैद्याचा ढीग केला, मध्ये खड्डा केला, त्यात अंडी फोडली. पिवळा रस खड्ड्यातून फुटून ओट्यावरून खाली माझ्या पायावर आला. मी फडकं घेऊन पुसला. पालक उकडून वाटायला मुलगी, बीट किसून पिळायला मुलगी, भांडी घासायला मी. तो मळत होता आणि समजावत होता की पिठाला अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. आम्ही पिठाला विश्रांती द्यायला लहानपणापासून शिकलो आहोत. आम्हाला कोणी त्याबद्दल प्रमाणपत्र देत नाही.

मग त्यानं मोठ्या पोळ्या लाटल्या, सुरीनं पट्ट्या कापल्या आणि मागच्या अंगणात कपड्याच्या दोरीवर वाळत टाकल्या. पुण्यात तसंच करतात म्हणे. मुलगी म्हणाली, "दादा, बाहेर नको टाकू, उन्हाळा आहे." तो म्हणाला, पाचच मिनिटं. मग कूलरसमोर जाऊन बसला. वैशाखातलं वर्ध्याकडचं ऊन पाच मिनिटांत पापड वाळवतं. तो उठून अंगणात गेला तेव्हा दोरीखाली तुकडे पडले होते, आणि दोरीवर जे राहिलं होतं ते हात लावताच मोडत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "अंड्याचा गुण. मंगळवार आहे ना." मघाशी दोष नव्हता, तो आता सापडला. तोही अंड्यात.

अंडी संपली होती. पालकाचा आणि बिटाचा रस मात्र उरला होता. मुलीनं कणीक चाळली, तीन वाटे केले, एकात पालक, एकात बीट, एकात हळद घातली आणि घट्ट मळली. पट्ट्या तुटतात म्हटल्यावर तिनं सरळ सरगुंडे करायला घेतले. विदर्भाबाहेरच्यांना सांगते: कणकेची बारीक वळी करायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची, अलगद काडी काढून घ्यायची. आतून पोकळ राहतं. शिजवून आमरसात घालून खायचं. उन्हाळ्यात जावई आला की हे करायचंच. भाचा तिच्याशेजारी बसला आणि काडी घेऊन शिकायला लागला. त्याचे सरगुंडे उसवत होते, पण तो हसत होता, पुन्हा करत होता. एक अख्खं ताट भरलं, हिरवं, लाल, पिवळं. खरंच सुंदर दिसत होतं. बिटाचे शिजल्यावर थोडे फिके झाले, तेवढंच. त्यावर त्यानं लसूण घालून टोमॅटोचा रस्सा केला. तो चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. ताट पाहून खूश. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "वा भाचेबुवा! हात आहे राजा तुझ्यात. मोठ्या हॉटेलात जाशीन तू."

भाचा म्हणाला, "मामा, मी फक्त वरचं केलं. हे सगळं तिनं केलंय. माझं तर तुटलं."

"मदत केली, चांगलं केलं. बाईच्या जातीले येतेच ते."

मुलगी पाणी वाढत होती. तिनं तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. मी वीस वर्षं त्या घरात वाढायचं काम केलं आहे. कोण कशासाठी आत जातं ते मला कळतं.

मी म्हटलं, "त्याले आलं तर हात, अन् हिले आलं तर बाईची जात?"

"तू काऊन भडकून राह्यली? तारीफच केली ना मी."

"त्याची केली. अन् त्यानं तर सांगितलं तुम्हाले, माझं तुटलं म्हणून. तुम्ही ऐकलं नाई."

"अवं, पण तो मुलगा आहे. त्याले कमवा लागते."

"मंग हिलेही कमवू द्या. उद्या मी हिले नागपूरले घेऊन जातो."

नवऱ्यानं भाच्याकडे पाहिलं, त्यानं आपली बाजू घ्यावी म्हणून. भाचा रश्श्याकडे पाहत म्हणाला, "मामा, आमच्या वर्गात मुली आहेत. माझ्यापेक्षा पुढे आहेत."

सासूबाई दारातून बोलल्या, "उद्या अवस आहे. अवसेले नवं काम करत नाई कोणी."

"आई, मंगळवारी अंडं चाललं ना? मंग अवसेले बसही चालन."

नवरा उरलेले सरगुंडे जेवून उठला. त्यानं पुन्हा मागून घेतले होते, तेही हिरवेच. रागावलेला माणूस उपाशी झोपतो म्हणतात, आमच्याकडे तसं कधी झालं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "जा तुमच्या मनानं. मी येणार नाई." मी त्याला बोलावलंच नव्हतं.

रात्री मुलीला विचारलं, जायचं का. ती म्हणाली, "बाबा नंतर बोलतील." मी म्हटलं, बोलतील. आतापर्यंत काय गप्प होते? मग ती कपाटातून मार्कशीट काढायला उठली.

सकाळी मी पोळ्या लाटल्या नाहीत. सासूबाईंना सांगितलं, आमरस फ्रिजमध्ये आहे, पोळ्यांचं भाच्याला सांगा, त्याचा अभ्यासही होईल. मुलीला घेऊन स्टँडवर गेले आणि नागपूरच्या पहिल्या बसमध्ये बसले. कॉलेजच्या खिडकीवर रांग होती, उन्हातच. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं कागद पाहून विचारलं, "वडील नाही आले?"

"दुकानात आहेत," मी म्हटलं, आणि पालकांच्या जागी सही केली.